गुरोचा घरचा सामना

खरं सांगा, गुरो हेस्टनेस आपल्या गावच्या हॉलमध्ये मोठ्यांचा एकही सामना का खेळली नाही, हे तुमच्यापैकी किती जणांनी मनापासून विचारलंय? चौदा वर्षं ती पोटासाठी हँडबॉल खेळली, तीन देशांत खेळली, आणि जिथे तिने पहिल्यांदा चेंडू हातात धरला त्या तांगविकच्या हॉलमध्ये मात्र एकदाही नाही. विचारलं असतंत तर उत्तर तयार होतं: "तिनेच नियम मोडला, मग काय करणार." हे उत्तर गावभर मी पसरवलं. ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

मी तुरिड. हॉलची सफाई मी एकतीस वर्षं केली आणि सफाईवाल्यांच्या संघटनेच्या वतीने बावीस वर्षं भांडले. शाळा नववीपर्यंत. कामगार कायदा लायब्ररीत बसून एकटीने वाचला आणि नगरपालिकेतल्या टायवाल्यांना कलमांसकट म्हणून दाखवला. थोडी बढाई आहेच यात. पण सांगते अशासाठी, की पुढे मी जे केलं ते न कळून केलं असं कोणी माझ्या बाजूने म्हणू नये.

गुरो पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा बारा वर्षांची होती. मागे स्लेज, स्लेजवर संडासाच्या कागदाचे गठ्ठे बांधलेले. क्लबच्या पोरींना कुठे स्पर्धेला जायचं असलं की त्या हा कागद दारोदार विकतात, आणि आपण सगळे तो घेतो, म्हणून आपल्या एकेका तळघरात दोन-दोन हिवाळ्यांचा साठा असतो.

"घे ना, तुरिड."

"अगं, गेल्याच महिन्यात फुटबॉलवाल्यांकडून घेतलाय. घरात आम्ही दोघंच. किती वापरणार?"

"मग जेवण वाढवा," ती म्हणाली. हसली पण नाही.

मी दोन गठ्ठे घेतले. ही पोरगी बोलायला माझ्यासारखीच आहे असं वाटलं होतं. चुकलं माझं. गुरो तेवढंच बोलायची जेवढं लागतं. माझ्यासारखं नव्हतंच ते.

तिचा बाप आयलिफ फेरीबोटीच्या इंजिनावर होता. हॉलमध्ये सामना असला की घड्याळाच्या टेबलावर तोच बसायचा. शिट्टी वाजली की बटण दाबून घड्याळ थांबवायचं, पुन्हा वाजली की सुरू करायचं. तीस वर्षं फुकट केलं त्याने हे काम, बाकी सगळे विकायला वॅफल भाजतात, तिकिटं फाडतात तसंच. मुलगी खेळत असली तरी आयलिफ तिच्याकडे बघायचा नाही. बघायचा पंचाच्या तोंडाकडे. शिट्टी वाजायच्या आत पंचाचे गाल फुगतात, तेव्हाच याचा अंगठा तयार. गावात म्हणायचे, आयलिफ बायकोशी बोलतानासुद्धा तिच्या गालांकडे बघतो.

गुरो डाव्या कोपऱ्यात खेळायची. हँडबॉलमध्ये कोपऱ्यात उभं राहणाऱ्या मुलीला समोर फट म्हणून दिसते ती हातभरसुद्धा नसते. गोलकीपर पाय फाकून, हात पसरून दारच बंद करते. तेव्हा गुरो उडी मारून हवेत आडवी व्हायची आणि चेंडूला मनगटातून अशी फिरकी द्यायची की तो गोलकीपरच्या बाजूला जमिनीवर आदळायचा, क्षणभर विचार केल्यासारखा करायचा आणि मागून वळून जाळ्यात जायचा. चौदाव्या वर्षी तिला हे जमत होतं. मी बादली हातात धरून दारात उभी राहून बघायचे. कामाचे तास भरलेले असले तरी बघायचे.

फिरकीला राळ लागते, पाइनच्या झाडाचा चिकट चीक. बोटांना राळ नसेल तर चेंडू मनगटातून तसा सुटतच नाही. म्हणून खेळाडू बुटावर राळेचा गोळा थापून ठेवतात आणि तिथून बोटाने उचलतात. मग ती बोटं जातात कुठे? फरशीवर, दारांच्या मुठींवर, बाकांवर, नळांवर. पिवळट, चिकट डाग, वर धूळ बसली की काळे. मॉपने निघत नाहीत. ओणवं होऊन, तेल लावून एकेक डाग घासावा लागतो. माझ्या जोडीला हालदिस काम करायची. सतरा वर्षं घासून घासून तिचा उजवा खांदा असा गेला की कपाटातला कप तिला डाव्या हाताने काढावा लागतो. हालदिसच्या खांद्याचा एक्स-रे मी नगरपालिकेच्या सभेत खिडकीला लावून दाखवला होता. २००९ साली आपल्या हॉलमध्ये राळेवर बंदी आली. माझ्या आयुष्यात मी पूर्ण जिंकलेली लढाई ती एकच. बाकीच्या सगळ्या अर्ध्या.

गुरो तेव्हा गावात नव्हती. सोळाव्या वर्षी ती फेरीबोटीने पलीकडे खेळाच्या शाळेत गेली, एकोणिसाव्या वर्षी वरच्या लीगमध्ये, बाविसाव्या वर्षी डेन्मार्कला. तिथे ती एका बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची, सकाळी बालवाडीत मुलांची नाकं पुसायची आणि दुपारी सराव करायची. त्या क्लबचा एक नियम होता: हॉल ज्याने चिकट केला त्यानेच धुवायचा. आठवड्याला तीन-तीन खेळाडूंची पाळी. डेन्मार्कमधल्या चार वर्षांबद्दल विचारलं तर ती सामने सांगायची नाही, कुठलं तेल चांगलं ते सांगायची.

मग हंगेरी. तिथे लोक सामन्याला ढोल घेऊन येतात आणि हरलं की बसपर्यंत शिव्या देत येतात. तिथल्या भाषेतलं पहिलं वाक्य ती शिकली ते होतं, "गुडघा ठीक आहे." ठीक नव्हता. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, शिवला, ती लवकर उभी राहिली, तो पुन्हा तुटला. मग उजवा. देशाच्या संघात अकरा सामने खेळली. एकदा मोठ्या स्पर्धेला नेलं तेही सतरावी म्हणून, आणि नावं लागतात सोळांची. तीन आठवडे सगळ्यांबरोबर सराव केला, कोणाचा पाय मुरगळतो का याची वाट बघत. कोणाचाच नाही मुरगळला.

"म्हणजे तुझ्याकडे पदक नाही?" मी एकदा विचारलं होतं. माझ्या जिभेला हाड नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

"फोटोत आहे मी," गुरो म्हणाली. "डावीकडे कोपर दिसतं ना, बॅग उचलणारं? ते माझं."

तेहतिसाव्या वर्षी, २०१८च्या शरद ऋतूत, ती परत आली. वृद्धाश्रमात अर्धवेळ नोकरी आणि आपल्या क्लबात शेवटचा एक हंगाम. आपला क्लब तोवर वरून दुसऱ्या पायरीपर्यंत चढला होता. पण त्या पायरीवर राळेशिवाय कोणी खेळत नाही, आणि आपल्या हॉलमध्ये तर बंदी. म्हणून आपल्या पोरी आपले घरचे सामने फेरीपलीकडच्या शहरात खेळायच्या. इथे फक्त सोमवारी आणि गुरुवारी सराव, तोही कोरड्या हातांनी.

जानेवारीत गुरो माझ्या बादल्यांच्या खोलीत आली. उलट्या बादलीवर बसली, एक पाय लांब करून, कारण तो दुमडत नव्हता.

"तुरिड, एक मागायचंय."

"कागद विकायला आलीस?"

"एप्रिलमध्ये शेवटचा सामना आहे. तो मला इथे खेळायचाय. राळ लावून. एक रविवार."

"आणि सोमवारी सकाळी ओणवं कोण होणार?"

"मी. येतं मला धुवायला. तू उभी राहून बघ, नाही आवडलं तर पुन्हा धुवीन."

"इथेच कशाला? तिकडे हॉल मोठा आहे, बाकं गुबगुबीत आहेत."

तिने लांब केलेला गुडघा चोळला. मग म्हणाली, "तिकडे घड्याळाच्या टेबलावर त्यांची माणसं असतात. बाबाने माझ्या एकाही खऱ्या सामन्याचं घड्याळ लावलेलं नाही."

गुरोच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, "नगरपालिकेच्या समितीकडे अर्ज कर. मार्चपर्यंत हॉलमध्ये राळेचा एक ठिपका दिसला नाही तर मी विरोध करणार नाही." समितीत माझा विरोध नाही म्हणजे अर्ज मंजूर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने हात पुढे केला, मी मिळवला. तिचा तळवा आमच्या तळव्यांसारखाच होता, खरखरीत.

त्याच महिन्यात हॉलचं फरशी धुवायचं यंत्र मेलं. नवीन मागितलं तर नगरपालिकेने तोंड फिरवलं. मी तीन सभा गाजवल्या, तेव्हा कुठे त्यांनी फेरीपलीकडच्या हॉलमधून जुनं यंत्र आणून दिलं. गोल फिरणारे दोन मोठे ब्रश, मागे पाणी ओढायची पट्टी. यंत्र आलं त्या दिवशी मी केक आणला होता. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी त्याने फरशी धुवायचे, आणि ती ओली फरशी अशी चमकायची की बूट घालून जाववत नव्हतं.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी सकाळी मी दिवे लावले आणि फरशीवर डाग दिसले. काळे, चिकट, कोपऱ्यापासून मधल्या रेषेपर्यंत. आदल्या संध्याकाळी सराव कोणाचा? गुरोच्या संघाचा. शुक्रवारी पुन्हा तेच. माझं डोकं सणकलं. मी तिला विचारायला तिच्या घरी जाऊ शकत होते, घर दीड किलोमीटरवर आहे. नाही गेले. पुढच्या सोमवारची वाट बघितली. लहान मुलींचा सराव सुटतो, आईबाप कॉफी पीत उभे असतात, आणि मोठ्या आत येत असतात, नेमकी ती वेळ साधली. का? तर ऐकायला माणसं असावीत म्हणून.

"गुरो!" मी ओरडले. "इकडे ये. हे काय आहे?"

ती आली. वाकली, डागावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं.

"राळ आहे."

"ते मलाही कळतं. कोणी लावली?"

"मी नाही."

"मग फरशीला घाम आलाय का? हंगेरीच्या महाराणीला आमच्या हाडांची काय किंमत! तिकडे नोकर होते ना घासायला?"

कोणीतरी हसलं. गुरो तशीच वाकलेली होती, फरशीकडे बघत. बराच वेळ बघत होती. मला वाटलं, तोंड लपवतेय. मग ती उठली आणि म्हणाली, "कोणाचीही असू दे, निघाली पाहिजे. शनिवारी येतो आम्ही."

शनिवारी खरंच आल्या. अकरा जणी, तेलाच्या बाटल्या, चिंध्या आणि कॉफीचा थर्मास घेऊन. आता विचार करा. या गावात फरशी घाण दिसली, रस्ता बर्फाने बुजला, कोणाचं कुंपण पडलं, तर आपण काय करतो? कोणी केलं हे विचारत बसत नाही, ज्याला हात आहेत तो येतो. श्रमदानाला आलेल्या माणसाला गुन्हेगार समजायचं असेल तर या गावातला एकूण एक माणूस तुरुंगात जाईल. मी स्वतः जन्मभर श्रमदान केलंय. तरीही त्या शनिवारी प्रेक्षकांच्या बाकावर उभी राहून मी मनात म्हटलं, कबूल केलंन.

गुरो टॉवेलची घडी गुडघ्यांखाली घालून बसली होती. दोन्ही शिवलेले गुडघे. एक डाग झाला की हातांवर भार देऊन पुढे सरकायची, टॉवेल ओढून घ्यायची, पुन्हा बसायची. चेहरा माझ्याकडे नव्हता, पाठ होती. मी फोन काढला आणि फोटो घेतला. घरी जाऊन गावाच्या फेसबुक पानावर टाकला आणि खाली लिहिलं: "आपल्या व्यावसायिक खेळाडूला शेवटी खरं काम सापडलं."

चारशे बारा अंगठे आले. गाव तीन हजारांचं. मी दर थोड्या वेळाने फोन उघडून आकडा बघत होते, हेही लिहून ठेवते.

मार्चमध्ये समितीपुढे अर्ज आला. मी फोटो मोठा छापून नेला होता, एक्स-रे लावला होता त्याच खिडकीला लावायला. "तिच्या गुडघ्यांनी कबुली दिली आहे," मी म्हटलं. भाषण चांगलं झालं. माझी भाषणं चांगलीच होतात.

अध्यक्षाने गुरोला विचारलं, "राळ तुमची नव्हती म्हणता, मग पुसलीत का?"

"घाण होती म्हणून."

हशा पिकला. ती हशाकडे बघत राहिली, जणू कोणत्या भाषेत हसतायत ते तिला ओळखायचं होतं. आयलिफ मागच्या खुर्चीवर होता. त्याने टोपी गुडघ्यावरून उचलली, डोक्यावर घातली आणि मुलीसाठी दार उघडून धरलं. अर्ज फेटाळला. इतिवृत्तात ओळ लिहिली गेली: "अर्जदार खेळाडूकडून नियमभंग झाल्याचे सिद्ध झाल्याने." सिद्ध! हा शब्द मी सुचवला होता.

शेवटचा सामना फेरीपलीकडेच झाला. मी गेले नाही. ऐकलं की तिने सहा गोल केले, दोन फिरकीचे. आयलिफ प्रेक्षकांत बसला होता, आणि दर शिट्टीला त्याचा अंगठा पँटवर दाबला जात होता. सामना संपल्यावर तिथल्या माणसाने घड्याळ बंद केलं, गुरोने बुटावरची राळ खरवडून कागदात गुंडाळली आणि दोघं फेरी पकडून घरी आली. झाली कारकीर्द.

जूनमध्ये उन्हाळ्याची मोठी सफाई होती. मी यंत्र आडवं केलं आणि खालून ब्रश उघडले. ब्रशच्या केसांच्या मुळाशी पिवळट, कडक गोळे होते. नखाने एक उकरला. पाइनच्या चिकाचा वास आला.

मी तिथेच खाली बसले. फेरीपलीकडच्या हॉलमधली कित्येक वर्षांची राळ त्या ब्रशांत साठलेली. गरम पाणी लागलं की ती पातळ व्हायची आणि माझ्याच हातांनी फरशीवर पसरायची. ओलेपणी दिसायची नाही. संध्याकाळी बूट आणि धूळ त्यावर फिरली की दुसऱ्या सकाळी काळी. सोमवारी मी धुवायचे, मंगळवारी डाग. गुरुवारी धुवायचे, शुक्रवारी डाग. ते डाग बोटांचे ठिपके नव्हतेच. कमानी होत्या, एकापुढे एक, ब्रशाच्या घेराएवढ्या. एकतीस वर्षं फरशी बघणाऱ्या बाईला ते पहिल्याच सकाळी दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. पण मला डागांपेक्षा गुरो हवी होती. मोठ्या जगात जाऊन आलेली, कोणी टाळ्या वाजवो न वाजवो, कधी तक्रार न केलेली. माझ्यासमोर मान खाली घातलेली हवी होती.

मी ब्रश कचऱ्याच्या मोठ्या पेटीत तळाशी टाकले, वर पुठ्ठे टाकले आणि नवे मागवले. स्वतःला सांगितलं, हे बाहेर पडलं तर बंदी उठवतील, पुन्हा बायकांचे खांदे जातील. चांगलं कारण होतं. चांगली कारणं शोधण्यात मी बावीस वर्षं घालवली आहेत. खरं कारण एवढंच, की तुरिड चुकली असं या गावात कोणी म्हणालेलं मला चाललं नसतं.

गुरो गावातच राहिली. दुकानात, दुधाच्या फडताळापाशी, कधी बटाट्यांपाशी भेटायची. दर वेळी मान हलवायची. मीही हलवायचे. सहा वर्षं. मला वाटायचं, विसरली असेल, मोठ्या मनाची आहे.

या सप्टेंबरमध्ये बारा वर्षांखालच्या मुलींना प्रशिक्षक हवा होता. गुरोने अर्ज केला. क्लबच्या सभेत मी निवृत्त म्हणून कोपऱ्यात बसले होते. एका तरुण बापाने फोनवर जुनं इतिवृत्त उघडलं आणि वाचून दाखवलं. "नियमभंग सिद्ध. अशा बाईच्या हाती मुली द्यायच्या का?" कोणी म्हणालं बघू, कोणी म्हणालं दुसरं कोणी मिळालं तर बरं. विषय पुढे ढकलला. दहा मिनिटं चालली असेल ती चर्चा. ज्या बाईला सभेत गप्प बसवायला तीन अध्यक्ष थकले, ती मी दहा मिनिटं हातातल्या वॅफलचे तुकडे करत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वृद्धाश्रमात गेले. गुरो चादरींच्या घड्या घालत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. यंत्र, ब्रश, कचऱ्याची पेटी, पुठ्ठे. तिचे हात थांबले नाहीत.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"यंत्र. त्या सोमवारीच कळलं. तू ओरडत होतीस तेव्हा डाग बघितले ना मी. हात काय असा गोल फिरतो का? डेन्मार्कला आमच्या यंत्राचं हेच व्हायचं. दर महिन्याला ब्रश उकळायचो."

"मग बोलली का नाहीस?" माझा आवाज चढला. माफी मागायला आले होते आणि भांडायला लागले. "समितीपुढे एक वाक्य बोलली असतीस!"

"मी नाही म्हटलं होतं. एकदा. सगळ्यांसमोर." तिने चादर ढिगावर ठेवली. "माझं 'नाही' पुरलं नाही, तर यंत्राची गोष्ट पुरली असती? हसले असते. आणि फरशी तुझी, तुरिड. मला वाटलं, हिला आज ना उद्या दिसेल, आणि दिसलं की ही बोलेल. ही तर कशावरही बोलते."

"मग इतकी वर्षं दुकानात मान कशाला हलवत होतीस?"

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुला लाज वाटते का ते बघत होते. नव्हती वाटत. छान चीज निवडायचीस."

मी म्हटलं, "मी माफी मागते, गुरो."

"ती माझ्याकडे ठेवून मी काय करू? बाबा आता पंचाचे गाल ओळखत नाही, मलाही रोज नाही ओळखत. तो सामना काही तू आणून देणार नाहीस." तिने पुढची चादर झटकली. "जिथे लिहिलंय तिथे खोड. मला त्या पोरींना शिकवायचंय. एवढंच हवंय. आता हे टोक धर, उभीच आहेस तर."

मी टोक धरलं. आम्ही अकरा चादरींच्या घड्या घातल्या. शेवटच्या चादरीला ती म्हणाली, "वाकडी झाली." मी घडी पुन्हा घातली.

म्हणून हे सगळं लिहिलंय. नगरपालिका म्हणते, एका निवृत्त सफाईवालीच्या शब्दावर जुनं इतिवृत्त बदलत नाही. मी म्हटलं, तेव्हा माझ्या शब्दावरच तर लिहिलं होतंत. तर म्हणतात, रहिवाशांचा अर्ज आणा, दोन टक्के सह्या, म्हणजे साठ. क्लबचा निर्णय येत्या महिन्यात आहे, त्याआधी ती ओळ गेली नाही तर मुलींना दुसरा कोणीतरी मिळालेला असेल. आणि राळेची बंदी उठवा असं यात कुठेही म्हटलेलं नाही. ती तशीच राहू दे, हालदिसचा खांदा खरा होता.

तुम्ही चारशे बारा जण होतात. मला फक्त साठ हवेत. गुरोने राळ लावली नव्हती, ती मी पसरवली होती, एवढंच त्या कागदावर लिहिलंय, खाली पहिली सही माझी आहे. कागद हॉलच्या दाराशी, वॅफलच्या खिडकीशेजारी ठेवलाय. माझ्याशी बोलू नका, माझी कीव करू नका, मला शिव्या घालायच्या असतील तर नंतर घाला. आधी आत या आणि सही करा.